भट्ट की गिरणीवाला?

मॅक्समुल्लर हे नाव ऐकले नाही असा कलाशाखेचा विद्यार्थी विरळाच. सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड १८४९ ते १८७४ या काळात ज्यांनी छापून काढले, ते हे गृहस्थ. पुण्या-मुंबईत जर्मन शिकायला जाणारे त्यांच्याच नावाच्या भवनात जातात. पण या आडनावाचा अर्थ काय, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतील. मीही परवापरवापर्यंत बसलो असतो.

म्युलर म्हणजे गिरणीवाला. पाणचक्कीवर लोकांचे दळण दळून देणारा. जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव हेच. मध्ययुगात शहरे वाढली, एकाच गल्लीत चार-चार हान्स झाले, तेव्हा माणसे धंद्यावरून ओळखू लागली आणि पुढे ती ओळख मुलाबाळांना चिकटली. ती मानाची होती म्हणावे, तर तसेही नाही. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याला जमीनदाराच्याच गिरणीवर दळावे लागे, आणि गिरणीवाला पीठ चोरतो हा संशय कायमचा. काही भागांत त्याच्या मुलांना कारागिरांच्या संघात प्रवेशच नसे. १५४८ च्या बादशाही फर्मानाला गिरणीवाले, विणकर, न्हावी, मेंढपाळ अशी नावे घेऊन, यांच्या मुलांना अडवू नका, असे सांगावे लागले. हे वाचून आपल्याला काहीच आठवले नाही, तर नवल!

आता गंमत पाहा. मॅक्समुल्लरांचे आजोबा शिंपी, वडील विल्हेल्म म्युलर कवी. आडनाव गिरणीचे, पण पीठ कोणाच्याच हाताला नाही. (वडिलांनी गिरणीवाल्याच्या मुलीवर कविता तेवढ्या लिहिल्या. शूबर्टने त्यांना चाली दिल्या १८२३ साली, आणि मॅक्सचा जन्मही त्याच सालचा.) मुलाला हे आडनाव फारच सामान्य वाटले, म्हणून त्यांनी 'मॅक्स' हे नावच त्याला जोडून घेतले. ऋग्वेदाच्या संस्कृत शीर्षकपानावर तर ते झाले मोक्षमूलर भट्ट, राहणार गोतीर्थ, म्हणजे ऑक्सफर्ड!

माझा आक्षेप आहे तो येथे. विनोद म्हणून ठीक. पण आपल्या मंडळींना तो जरा जास्तच मानवला. अंगावरचे पीठ झटकून गिरणीवाल्याला भट्ट केल्यावरच वेद त्याच्या हाती शोभू लागले की काय? वर्गात नवा मुलगा आला की आपणही आधी आडनाव विचारतो. उत्तर मिळाले की पुढचे प्रश्न थांबतात, आणि ते का थांबले हे विचारणाऱ्याला व सांगणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते.

मी तरी यापुढे उत्तरपत्रिकेत 'म्युलर' एवढेच लिहिणार आहे. गुण कापले गेले तर जावोत.