आधी ब्रेक, मग इंजिन

1948 पर्यंतच्या गाडीचा बाह्य घाट राखून तिच्या पोटात नव्या काळाची यंत्रणा बसवली की अमेरिकेत तिला स्ट्रीट रॉड म्हणतात. ही कालमर्यादा 1970 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशनने रूढ केली. या छंदात मान मिळाला तो दोन दारांच्या रोडस्टर आणि कूपे गाड्यांना. चार दारांच्या सेडान बरीच वर्षे भंगारातच जात राहिल्या. पण रोज कामावर जायचे, मुलांना शाळेत सोडायचे, किराणा आणायचा, तर सेडानच हवी. म्हणून हा विषय हौसेपुरता उरत नाही, तो रस्त्यावरच्या सुरक्षेचाही होतो.

1936 ची फोर्ड सेडान घ्या. तिचे व्ही-8 इंजिन सुमारे 3.6 लिटरचे, 85 अश्वशक्तीचे. त्या काळी एवढ्या किमतीत एवढी ताकद दुसरीकडे मिळत नव्हती. मात्र ब्रेकचे पेडल दाबल्यावर चाकापर्यंत जोर पोहोचायचा तो लोखंडी सळ्यांमधून. शेवरलेने त्याच वर्षी हायड्रॉलिक ब्रेक दिले, प्लिमथने तर 1928 मध्येच दिले होते. फोर्डने मात्र 1939 पर्यंत वाट पाहिली. सळ्यांचे सांधे झिजले की चारही चाकांचा जोर सारखा राहत नाही. एक चाक आधी धरते आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. प्रत्येक चाक वेगळे जुळवून घ्यावे लागते, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. मोकळ्या रस्त्यावर हे निभावते. पुढची गाडी अचानक थांबते तेव्हा निभावत नाही.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी पुढे डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाके धरतील. मग स्टीअरिंग. 1974 ते 1978 च्या फोर्ड मस्टँग-टूच्या धर्तीवरचे पुढचे सस्पेन्शन रॉडवाल्यांनी उचलले, ते त्यातल्या आटोपशीर रॅक-अँड-पिनियन स्टीअरिंगसाठी. त्यानंतर वायरिंग: सहा व्होल्टच्या जागी बारा, आणि कापडी वेष्टनाच्या कुजक्या तारा मुळापासून काढून टाकायच्या. सीटबेल्ट अडकवायला चासीपर्यंत पक्का आधार हवा, नुसता पत्रा चालत नाही.

इंजिनाचा नंबर शेवटी लागतो. जुन्या फोर्ड व्ही-8 मध्ये जळका वायू ब्लॉकच्या आतूनच बाहेर पडतो आणि जाता जाता पाणी तापवतो. वाहतूक कोंडीत ही गाडी तापते ती यामुळेच. त्यामुळे अनेक जण शेवरलेचे 350 घनइंची इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवतात. फोर्डच्या पोटात शेवरले हे निष्ठावंतांना खुपते. पण ज्याचा सुटा भाग अमेरिकेतल्या कुठल्याही गावात मिळतो ते इंजिन रोजच्या गाडीला योग्यच, असे आम्ही मानतो.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. मूळ इंजिन, मूळ आतली बैठक, न कापलेली चासी असलेली गाडी कापू नये. तो इतिहासाचा पुरावा आहे. ज्या सेडानचे इंजिन कधीच गेले, तळाचा पत्रा गंजून पडला, तिला रॉड करणे म्हणजे तिला जीवदान देणे.

आपल्याकडे हा मार्ग जवळजवळ बंदच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितले. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना स्वतंत्र नोंदणी दिली, पण चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल नसेल तरच. तीही प्रदर्शन, रॅली अशा मोजक्या कारणांसाठी, रोजच्या वापरासाठी नाही.

वाटेल तशा फेरबदलांना आळा हवाच. पण तपासणीची वाटच नसल्याने 1950 च्या गाडीला चांगले ब्रेक बसवू पाहणारा आणि सायलेन्सर कापून गल्ली दणाणून सोडणारा एकाच मापाने मोजले जातात. ब्रिटनने अनेक वर्षे वापरलेली गुणपद्धती इथे पाहण्यासारखी आहे. बदललेल्या गाडीची मूळ ओळख टिकली की नाही, हे ठरवताना चासीला 5 गुण, स्टीअरिंग, सस्पेन्शन, अॅक्सल आणि गिअरबॉक्सला प्रत्येकी 2, आणि इंजिनाला फक्त 1. मूळ ओळख राखायला निदान 8 गुण लागत. आपल्या परिवहन खात्याने अशी मोजणी ठरवावी आणि तिच्या जोडीला एक चाचणी ठेवावी: पाच माणसे बसवून, ओल्या रस्त्यावर, ताशी पन्नास किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर गाडी किती मीटरवर थांबते आणि सरळ थांबते का.