दाराला हंगाम बांधू या

दसरा जवळ आला की नाशिकच्या द्वारका चौकात, मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे भेटतात तिथे, झेंडूचे ढीग दिसू लागतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला तेव्हा भात लोंबीवर असतो. झेंडू, आंब्याची पाने आणि भाताच्या लोंब्या सुती दोऱ्यात ओवल्या की तोरण तयार होते. त्यापुढे प्लॅस्टिकची फुले मला फार दरिद्री वाटतात. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्राने २०१८ मध्येच बंदी घातली. सवय मात्र अजून सुटलेली नाही.

आपट्याबद्दल मन खरेच दुखते. सोने म्हणून फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि बाजारात पुष्कळदा आपट्याच्या नावाखाली कांचनाची मोठी पाने विकली जातात. वडीलधाऱ्यांच्या हातावर एकच पान ठेवले तरी मान पुरा होतो. रानातून काही आणायचे तर गळलेले आधी उचलावे, झाडावरचे मोजकेच खुडावे.

या अंकात पळसाच्या पत्रावळीपासून बांबूच्या आकाशकंदिलापर्यंत बरेच काही करून पाहण्यासारखे आहे. मुलांना सोबत घ्या. तोरण उतरवल्यावर लोंब्या चिमण्यांसाठी टांगा. सुकलेल्या झेंडूचे बी कागदी पुडीत ठेवा, जूनमध्ये कुंडीत पेरता येईल.