बाकावरचा गडी

कबड्डीत चूक लपत नाही. उतावीळपणे घोट्याला हात घालणारा कोपरारक्षक बाद होतो आणि सगळ्यांदेखत बाजूला जाऊन बसतो. संघाने समोरचा गडी टिपेपर्यंत किंवा आपला अख्खा संघ बाद होईपर्यंत त्याला आत येता येत नाही. बोनसचा गुण मिळाला तरी तो बसूनच राहतो. झेल सोडलेल्या क्रिकेटपटूला ही सवड नसते, पुढच्या चेंडूला त्याला तिथेच उभे राहावे लागते. कबड्डीने दिलेली ही सवड आपण प्रशिक्षकच नासवतो, असे आमचे मत आहे. कर्नाटकातल्या लोंढा-खानापूर पट्ट्यात तर बसलेल्या पोराला मराठी, कोकणी आणि कानडी अशा तिन्ही भाषांत बोलणी बसू शकतात. पाय का धरलास, हातांची साखळी का सोडलीस?

यात बिघडते काय? मानसशास्त्रज्ञ बीलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फुटबॉलपटूंना चेंडू पळवताना पायाची कोणती बाजू त्याला लागते याकडे लक्ष द्यायला सांगितले होते. मुरलेल्या खेळाडूंचा उजवा पाय त्याने मंदावला. नवख्यांना मात्र फायदा झाला, आणि मुरलेल्यांच्या कच्च्या डाव्या पायालाही. म्हणजे ‘चूक सांगायचीच नाही तर पोर शिकणार कसे’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. पाचवी-सहावीतल्या मुलाला जरूर सांगा. ज्याची पकड अंगवळणी पडली आहे, त्याला सामन्यात तंत्र समजावले तर पुढची पकड अडखळण्याचा धोका आहे. त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या सरावात करावा. याला कोणी लाड म्हणेल. पण उद्यावर टाकलेली कानउघाडणी काही माफी नव्हे.

प्रयोगशाळेत प्रेक्षक नसतात, हा दुसरा आक्षेप आम्हाला मान्य आहे. मध्येच थांबलेल्या खऱ्या सामन्याचे उदाहरण घ्यायचे, तर हांगझोऊत २०२३ साली आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना २८-२८ वर गुणांच्या वादात खोळंबला, आणि त्यानंतर भारताने इराणला ३३-२९ असे हरवले. खोळंबा दोघांनाही सारखाच होता, तेव्हा त्यावरून फार काही सिद्ध करू नये.

आमची खरी काळजी जीवदान मिळून आत येणाऱ्या गड्याची आहे. भरपाईच्या घाईत तो पहिल्याच चढाईला झेप घेतो आणि पुन्हा बाद होतो. त्याला एकच काम द्या: पहिल्या चढाईत साखळी सोडायची नाही. ते सांगायला एकच शब्द, एकाच भाषेत, आधी ठरवलेला असावा. सराव सामना सातऐवजी चार गड्यांनी सुरू करा, म्हणजे तिघांना बाकावरूनच आत यावे लागेल.