उन्हानें कीड मरते काय?

बीड जिल्ह्यांतील धर्मापुरीचें नांव निघालें कीं वाचकांस केदारेश्वराचें चालुक्यकालीन मंदिर आठवतें. त्या मुलखाचें दुसरें भूषण म्हणजे बालाघाटाच्या खडकाळ उतारांवरील सीताफळ होय. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि अंबाजोगाईस या फळाचें संशोधन केंद्रही आहे. तथापि हौसेनें आणलेल्या फळाच्या डोळ्यांमधील खांचांत पांढरें पीठ भरलेलें दिसावें, हा अनुभव कोणत्या गृहिणीस नाहीं? तो पिठ्या ढेकूण होय. उन्हाळा कडक झाला कीं, "यंदा कीड जळून जाईल," असें लोक म्हणतात. हा समज कितपत खरा आहे, तें आज पाहूं.

कीटकास आपल्यासारखी स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. हवा तापेल तसतसें त्याचें शरीर तापतें. आंबा व पेरू नासविणाऱ्या फळमाशीस तीस अंशांच्या आसपास अंड्यापासून माशी होण्यास सुमारें तीन आठवडे पुरतात. म्हणजे साधारण उष्णतेनें कीड मरत नाहीं, उलट तिच्या पिढ्या लवकर वाढतात. पस्तीस अंशांच्या पुढें मात्र तिची वाढ खुंटूं लागते व पुष्कळ अळ्या दगावतात.

या गुणाचा मनुष्यानें उपयोगही करून घेतला आहे. फळमाशी आढळल्यामुळें युरोपीय संघानें २०१४ सालीं आपल्या आंब्यास बंदी केली, ती २०१५ सालीं उठली. आंबा ४८ अंशांच्या पाण्यांत ६० मिनिटें ठेवला असतां सालीखालील अंडीं व अळ्या मरतात आणि फळ शाबूत राहतें.

मग बागेंतील ऊन तेंच काम कां करीत नाहीं? कारण तेथें किडीस आसरा असतो. पिठ्या ढेकूण सालीच्या भेगांत व मुळांशीं दडतो, फळमाशीचे कोश मातींत असतात. शिवाय सौम्य उष्णता सोसलेला कीटक पुढें अधिक उष्णता सोसतो. रितोसा या इटालियन शास्त्रज्ञास १९६२ सालीं एका लहानशा माशींतच उष्णतेच्या आघातानें होणाऱ्या अंतर्गत फेरबदलाचा प्रथम सुगावा लागला. पेशींचें रक्षण करणाऱ्या प्रथिनांचा शोध पुढें त्यांतूनच लागला. उलट पिठ्या ढेकणास खाणारे भुंगेरे व त्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाशा पुष्कळदां उष्णतेस अधिक लवकर बळी पडतात. झाड तहानेनें दुबळें, रक्षक नाहींसे, आणि शत्रु भेगांत सुरक्षित, अशी बागाइताची त्रेधा होते.

यास्तव उन्हावर सर्व भार टाकूं नये. त्यास वाट करून द्यावी. उन्हाळ्यांत झाडाखालील माती मुळें न दुखवितां हलकी उकरावी, म्हणजे कोश उन्हांत व पांखरांच्या चोंचींत सांपडतात. गळलेलीं फळें वेंचून खोल पुरावीं. मुंग्या व ढेकूण वर चढूं नयेत म्हणून खोडास चिकट पट्टा बांधावा. बांधावरील सावलीचीं झाडें तोडूं नयेत, कारण तेथें भुंगेऱ्यांस आश्रय मिळतो. जहाल औषधें सरसकट फवारल्यास ते मित्र आधीं मरतात.

आमच्या भगिनींसही एक विनंति आहे. पीठ लागलेल्या फळाचीं सालें परसांतील झाडाच्या बुंध्याशीं टाकूं नयेत, तीं पुरून टाकावीं. पुढील हंगामाच्या किडीचें बीज कित्येकदां आपल्याच हातून पेरलें जातें.