'शुगर आहे, आजार थोडाच!'

गेल्या रमजानमधली गोष्ट. दुपारनंतरची असरची नमाज होऊन गेली होती. शेजारच्या खालांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. सून साखरपाणी घेऊन धावली, तर खाला म्हणाल्या, "मगरिबला थोडाच वेळ राहिलाय, बेटा." नातवाने मशीनवर रक्त तपासले. आकडा आला ५४. खालांनी रोजा सोडला आणि रडल्या. त्रासामुळे नव्हे, रोजा गेला म्हणून.

खालांनी गोळी चुकवली नव्हती. वर्षभर नाश्त्याआधी घेतात ती ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी सहरीला न विसरता घेतली होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. नाश्ता, जेवण, चहा असा दिवस असेल तर ठीक. तेरा तास पाण्याचा घोटही नसेल तर तीच गोळी साखर खाली ओढते. म्हणून रमजानमध्ये डॉक्टर ती बहुधा इफ्तारच्या वेळेला नेतात, गरजेनुसार डोस कमी करतात. मेटफॉर्मिनने साखर अशी एकदम पडण्याची भीती कमी. पण हे ज्याचे त्याचे वेगळे असते. शेजाऱ्याची चिठ्ठी उतरवून घेऊन चालत नाही.

रुग्ण औषध नीट घेत नाहीत, ही डॉक्टरांची नेहमीची तक्रार. इथे धोका नीट घेण्यातच होता. १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींची एपिडायर ही पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. टाइप २ च्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी किमान १५ रोजे केले होते. गोळ्या घेणाऱ्यांपैकी डोस बदलला होता जेमतेम चौथ्या हिश्शाने. साखर गंभीररीत्या घसरण्याचे प्रमाण टाइप २ च्या रुग्णांत साडेसात पट वाढले होते. उलट बाजूही आहे. काहीजण महिनाभर गोळ्याच बंद ठेवतात आणि इफ्तारला सरबत, जिलेबी! साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हे उलेमांनी सांगूनही अनेकजण तपासत नाहीत.

कुरआनच्या सूरह बकरामध्ये रुग्णाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. ज्याला कधीच शक्य नाही, त्याच्यासाठी फिदिया, म्हणजे गरिबाला जेवण. हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. अडते ते "शुगर आहे, आजार थोडाच!" इथे. डॉक्टर 'रोजा करू नका' म्हणतील म्हणून रुग्ण सांगत नाही. धर्माच्या गोष्टीत कशाला पडा म्हणून डॉक्टर विचारत नाहीत. एकादशी, नवरात्र करणाऱ्या घरांतही हेच चालते. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे आयसीएमआरच्या २०२३ मधील अभ्यासात दिसले. त्यांतले किती उपवास सांगून करत असतील?

खाला यंदा शाबानमध्येच, रमजानच्या आधीच्या महिन्यात, डॉक्टरांकडे जाऊन आल्या. चिठ्ठीवर सकाळची गोळी खोडून कमी ताकदीची, 'इफ्तारला' अशी लिहिली आहे. असरच्या सुमारास नातू आकडा वहीत उतरवतो. परवा ६६ आला. खालांनी काही न बोलता खजूर तोंडात टाकला.