पहिल्या खेपेआधीची दहा मिनिटे

खडकीच्या बाजारात सकाळी दुकानांची शटरे वर सरकू लागण्याच्या सुमारास मालवाहू तीनचाकी गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात डिझेलच्या धुराने काळवंडलेल्या जुन्या गाड्या जशा असतात, तशाच अलीकडे काडीचाही आवाज न करता येऊन उभ्या राहणाऱ्या विजेच्या गाड्याही असतात. आणि या दोन्हींविषयी बाजाराची समजूत एकच आहे की, गाडी सुरू झाली म्हणजे ती चालविण्यास योग्य झाली. या समजुतीस माझी हरकत आहे. गाडी सुरू होणे ही इंजिनाची किंवा बॅटरीची साक्ष होय. ब्रेकाची, टायरांची, हँडलाची आणि हौद्यात रचलेल्या मालाची साक्ष तीत कोठेही घेतली जात नाही, आणि पुढे अपघाताची चौकशी होते तेव्हा नेमकी तीच घ्यावी लागते. ही साक्ष रोज पहिल्या खेपेआधी घेण्यास दहा मिनिटे पुरतात. ती घेतली जात नाही याचा दोष चालकांच्या अडाणीपणावर ढकलण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु माझ्या मते खरे कारण असे की, त्या दहा मिनिटांचे दाम देण्यास मालक, व्यापारी आणि गिऱ्हाईक यांपैकी कोणीही तयार नाही.

हे वाहन पुण्यास परके नाही. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी काढून, जर्मनीतील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने हॅन्सीट नावाची तीनचाकी मालगाडी या देशात तयार करण्यास प्रारंभ केला, आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या जातीच्या गाड्यांनी पेठापेठांतील हातगाड्यांची व बैलगाड्यांची जागा हळूहळू घेतली. नंतर बारामतीच्या कारखान्यातून आपे आली, आणि आता विजेच्या गाड्या आल्या. इंजिन बदलले, इंधन बदलले, हौदा मोठा झाला. तथापि तीन चाकांची भूमिती होती तीच राहिली, आणि तिचे जे स्वाभाविक दौर्बल्य आहे तेही राहिले. एक चाक पुढे आणि दोन मागे असलेली गाडी जमिनीवर त्रिकोण करून उभी राहते. चालकाने वळणावर ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे, म्हणजे त्या त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो, आणि आधार सर्वांत अरुंद जेथे आहे तेथेच त्याची सर्वांत अधिक निकड भासू लागते. त्यात वेगाचा हिशेब सरळ नाही. ताशी २० किलोमीटरने घेतलेले वळण ३० ने घेतले, तर वेग दीडपटच होतो. परंतु गाडीस बाहेरच्या बाजूस फेकू पाहणारा जोर सव्वादोनपट होतो. होळकर पुलाकडून भरलेला हौदा घेऊन येणाऱ्या चालकास हे गणित कोणी फळ्यावर मांडून दाखविलेले नसते. गाडीचे आतले चाक क्षणभर हलके झाल्याची जाणीव त्याच्या कमरेस होते, आणि तेवढ्यावरच त्याचे शिक्षण आटोपते.

मालाच्या रचनेविषयी तर बाजारात पूर्ण अराजक आहे. जड माल तळाशी आणि मागच्या आखाच्या किंचित पुढे असावा, हलका वर असावा, आणि जे काही लांब आहे ते मागे लोंबत नसावे, ही गोष्ट कोणताही जुना हमाल सांगेल. पण फाळका उघडा टाकून त्यावरून हातभर बाहेर आलेले पाइप घेऊन निघालेली गाडी दिसली नाही असा दिवस जात नाही. आखाच्या मागे पडणारा भार तरफेच्या न्यायाने पुढचे चाक उचलू पाहतो, आणि तीनचाकी गाडीत वळविणारे चाक तेवढे एकच असल्यामुळे, ते हलके झाले म्हणजे हँडल हातात राहते व हुकमत जाते. वजनाच्या मर्यादेचेही तसेच. कायद्याने ज्यांस ई-कार्ट म्हटले आहे त्या लहान विजेच्या गाड्यांस ३१० किलो मालाची आणि ताशी २५ किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. म्हणजे पन्नास किलोची सहा पोती सिमेंट चढले की मर्यादा जवळजवळ भरली, आणि सातवे पोते चढविणारा किंवा त्या सहा पोत्यांवर बैठक मारून निघणारा इसम हा कायद्याच्याही बाहेर बसलेला असतो आणि यंत्रशास्त्राच्याही.

आता खडकीचे जे वैशिष्ट्य आहे त्याकडे वळावे. हे गाव यंत्रांच्या शिस्तीस अनभिज्ञ आहे असे म्हणण्याची सोय नाही. १८६९ पासून येथे दारूगोळ्याचा कारखाना आहे, १९४० पासून हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी आहे, लष्कराची ५१२ क्रमांकाची बेस वर्कशॉप आहे, बॉम्बे सॅपर्सचे मुख्य ठाणे आहे. स्फोटक द्रव्यांच्या कारखान्याच्या फाटकावर काडेपेटी काढून घेतात तेव्हा कोणी अपमान मानीत नाही. लष्करी गाडी बाहेर काढण्यापूर्वी तिची ‘फर्स्ट परेड’ होते, वाटेत थांबा पडला की ‘हॉल्ट परेड’, आणि परतल्यावर ‘लास्ट परेड’. तेल, पाणी, हवा, ब्रेक, दिवे, नटबोल्ट यांची ही हजेरी चालकाच्या मर्जीवर सोपविलेली नसून ती त्याच्या नोकरीच्या वेळेत, वरिष्ठाच्या देखत आणि नोंदवहीत घेतली जाते. भिंतीच्या आत जी गोष्ट कर्तव्य म्हणून मानली जाते, तीच भिंतीच्या बाहेर, त्याच गावात, हौस ठरते. यात माणसांच्या गुणांचा फरक नाही, कारण पुष्कळदा माणूसही तोच असतो.

अशाच एका सेवानिवृत्त लष्करी चालकास मी बाजारात काम करताना पाहिले आहे. किराणा मालाची खेप उतरवून झाली की हमाल चहाकडे वळत, आणि हा गृहस्थ गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक चाकाच्या ड्रमाजवळ पालथा हात धरी. टेकवीत नसे, नुसता धरी. दोन ड्रम कोमट आणि एक चटका देण्याइतका तापलेला आढळला, की त्या चाकाचा लायनर सुटत नाही, घासत राहतो आहे, हे त्यास पाना न उचलता कळे. उलट एक ड्रम अगदी थंड निघाला, तर तो ब्रेक लागतच नाही आणि बाकीचे दोन त्याचा भार वाहताहेत हेही कळे. मग तो हँडल डावीउजवीकडे हलवून चाक किती उशिरा प्रतिसाद देते ते पाही, म्हणजे किंगपिनमध्ये किती ‘प्ले’ आला आहे त्याचा अंदाज येई. ब्रेकाचे पेडल दाबून धरी, आणि ते पायाखाली सावकाश खचत गेले तर ऑइल कोठेतरी गळते आहे असे समजून चाकांच्या आतल्या बाजूस ओल शोधी. चाकाच्या नटांभोवती गंजाची तांबूस रेघ उमटली असेल तर नट ढिला आहे, ही खूण मला त्याच्याकडूनच समजली. हे सगळे बिडी ओढण्यास लागतो तेवढ्या वेळात आटपे. त्याचा मालक मात्र लांबून ओरडून विचारी, ‘काका, निघताय ना? पुढचं भाडं थांबलंय.’

खंडेनवमीस हीच गाडी धुऊन पुसून झेंडूच्या माळांनी शृंगारली जाते, तेव्हा धुणाऱ्याच्या हातास हौद्याखालची तडकलेली पट्टी किंवा पाट्याचे सुटलेले पान हटकून लागते, आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात गॅरेजवाल्यांकडे गर्दी होते, असा माझा समज आहे. पूजेचा हा लाभ शास्त्रकारांच्या ध्यानी असेल की नाही कोण जाणे. पण वर्षातून एकदा होणारे हे स्नान दर आठवड्यास झाले तर कोणत्याही देवतेचा कोप होणार नाही.

विजेच्या गाडीचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण ‘हिला काहीच मेन्टेनन्स नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य मालकांनी वेदवाक्य मानलेले दिसते. त्यात सत्याचा अंश आहे. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लचची केबल हे सारे प्रकरण निकालात निघाले. परंतु टायर, ब्रेक, बेअरिंग आणि हँडल हे होते तसेच राहिले, आणि पाय काढताच मोटरच गाडीचा वेग कमी करीत असल्यामुळे चालकाचा ब्रेकाशी संबंध इतका तुटतो की, लायनर झिजला की गंजला हे त्यास खऱ्या संकटाच्या क्षणापर्यंत समजत नाही. बॅटरी ही तर नवी जबाबदारीच आहे. शिशाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी लागते, टर्मिनलवर साचलेला हिरवापांढरा थर काढावा लागतो, आणि ती चार्ज होत असताना हायड्रोजन वायू सुटत असल्यामुळे बंद गाळ्यात, देवाच्या दिव्याशेजारी, ती चार्जिंगला लावणे हे अविचाराचे आहे. लिथियमच्या बॅटरीस पाणी लागत नाही, पण उन्हातून भरधाव आलेली तापलेली बॅटरी निवण्यापूर्वीच चार्जरला जोडणे, कंपनीचा चार्जर बिघडला म्हणून भलताच आणणे, आणि पलंगाखालून ओढलेल्या बारीक वायरीवर रात्रभर भार टाकणे, हे तिला मानवत नाही. २०२२ साली देशात विजेच्या दुचाकींना लागलेल्या आगींनंतर बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम कडक करण्यात आले. परंतु चाचणी होते ती कारखान्यातून निघणाऱ्या बॅटरीची. गाळ्यातील एक्स्टेन्शन बोर्डाची चाचणी कोण घेणार?

याहून अधिक चिंतेची गोष्ट म्हणजे या गाडीचे मौन. डिझेलची गाडी सुरू आहे की बंद, हे दहा पावलांवरून ऐकू येते. विजेची गाडी चावी फिरविलेली असतानाही बंद गाडीसारखीच उभी असते. चालक पावती घेण्यास उतरतो, चावी तशीच राहते, हमाल पोते सरकविण्यासाठी पुढून हात घालतो, त्याचा दंड अॅक्सिलरेटरच्या मुठीवर पडतो, आणि मोटरचा संपूर्ण जोर पहिल्याच क्षणी मिळत असल्यामुळे गाडी इशारा न देता पुढे झेप घेते. म्हणून चालकाने जागा सोडली की चावी खिशात, हातब्रेक वर आणि उतार असेल तर चाकामागे दगड, ही तीन कामे एकाच सवयीत बसली पाहिजेत. आणि गाडीवर चढउतार करणाऱ्या हमालांनीही चावी चालकाच्या खिशात गेलेली पाहिल्याखेरीज हौद्यास हात लावू नये. बाजारातील गर्दीत पादचाऱ्यास ही गाडी मागून आल्याचे कळत नाही, तेव्हा तेथे माणसाच्या चालीने जाणे एवढाच मार्ग उरतो. सतत हॉर्न वाजविणे हा काही त्यावरचा इलाज नव्हे.

आता दामाचा प्रश्न. पासिंगचा दाखला आहे, मग रोजची तपासणी कशाला, असे मालक म्हणतात. हा दाखला गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचा आणि पुढे एकेका वर्षाचा मिळतो, आणि तो तपासणीच्या दिवशी गाडी कशी होती एवढेच सांगतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक कोरडे झाले की नाही, हे त्यावर लिहिलेले नसते. कायद्याची भूमिकाही मालकांस वाटते तितकी त्यांच्या सोयीची नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमान्वये, जो दोष ठाऊक आहे किंवा साधारण काळजी घेतली असता जो ध्यानी आला असता, असा धोकादायक दोष असलेली गाडी चालविणारा जसा शिक्षेस पात्र आहे, तसाच ती चालवू देणाराही पात्र आहे. ‘साधारण काळजी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ही काळजी घेण्यास चालकाला वेळच दिला नाही, असे निष्पन्न झाले तर कसूर कोणाची, याचा निवाडा करण्यास फार मोठा कायदेपंडित लागू नये. व्यवहारात मात्र दंडाची पावती चालकाच्या नावे फाटते आणि मालक तीही त्याच्या भाड्यातून वळती करतो.

खेपेवर पैसे मिळणारा माणूस तपासणीस लावलेला वेळ स्वतःच्या पोटातून काढतो, ही गोष्ट आपण एकदा मान्य केली पाहिजे. हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने ती केव्हाच मान्य केली. १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर ओझे वाहणाऱ्याच्या मजुरीचा हिशेब मंडळाच्या दप्तरी आणला आणि त्याच्या भविष्याची तरतूद मजुरीवरील लेव्हीतून करणे व्यापाऱ्यास भाग पाडले. तेव्हाही बाजार बुडेल अशी ओरड झालीच असेल, आणि बाजार काही बुडाला नाही. ज्या गाडीत तो हमाल माल टाकतो तिच्या चालकाचा हिशेब मात्र अद्याप तोंडीच आहे.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. व्यापाऱ्यांनी भाडे ठरविताना पहिल्या खेपेच्या आधीची दहा मिनिटे भाड्यातच धरावीत आणि भाड्याच्या पावतीवर एक ओळ वाढवावी: ब्रेक, हवा, हँडल, दिवे पाहिले, वेळ अमुक, चालकाची सही, आणि त्याखाली, हे पाहण्यास वेळ दिला, मालकाची सही. टेम्पोच्या तळावर हवेचा पंप व दाबमापक, एक नळ आणि चार्जिंगसाठी सावलीतली योग्य जोडणी असावी, एवढी तजवीज, अंमल छावणी मंडळाचा असो की महापालिकेचा, स्थानिक कारभाराच्या आवाक्याबाहेरची नाही. चालकांनी खोटी सही ठोकून मोकळे होऊ नये म्हणून तपासणी तळावर, इतरांच्या देखत व्हावी. लष्करातील ‘परेड’चा अर्थ तरी याहून निराळा काय आहे? पहिल्या महिन्यात मालक दुसरी सही नाकारतील, हे मी गृहीत धरून चाललो आहे. नाकारू द्यावे. ती रिकामी जागा असलेली पावतीच अपघातानंतरच्या तहकिकातीत पुरावा म्हणून पुढे येते, ही बातमी बाजारात पसरण्यास एक खटला पुरेल.