गाडीला बैल कळतो का?

आपण इथे नेहमी पाठ, निबंध, उपक्रम यांबद्दल लिहितो. आज मी चारचाकीबद्दल लिहिणार आहे. पण मुद्दा शिकण्या-शिकवण्याचाच आहे, म्हणून इथेच लिहिते.

आपल्या भागात आता इलेक्ट्रिक गाड्या दिसू लागल्या आहेत. सेनगावात हिरव्या नंबरप्लेटची गाडी उभी राहिली की लोक थांबून बघतात, चार्जिंगला किती वेळ लागतो ते विचारतात. आमच्या घरीही यंदा अशी एक गाडी आली. मिस्टरांचं रोजचं हिंगोलीला जाणं-येणं आणि पेट्रोलचा खर्च, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. शोरूममध्ये मात्र बॅटरीपेक्षा जास्त बोलणं झालं ते 'एडास'वर. एडास म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणा. पुढची गाडी हळू झाली की आपली हळू करणारी, पट्टा सोडला तर सावध करून स्टिअरिंग किंचित वळवणारी, समोर काही आडवं आलं तर आपण होऊन ब्रेक मारणारी. विक्रेता म्हणाला, "मॅडम, गाडी स्वतःच चालते, तुम्ही फक्त बसायचं." आणि गाडी ताब्यात देताना हे सगळं समजावून सांगायला दिली वीस मिनिटं. सोबतचं जाडजूड पुस्तक इंग्रजीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. या यंत्रणा चांगल्या आहेत, त्यांनी जीव वाचतात. पण "गाडी स्वतःच चालते" हे वाक्य धोक्याचं आहे, आणि या यंत्रणा वापरायला रीतसर शिकल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

गाडी किती स्वयंचलित आहे हे मोजायला जगभर शून्य ते पाच अशा पायऱ्या धरतात. आपल्याकडे लोक विकत घेतात त्या गाड्या फार तर दुसऱ्या पायरीवर आहेत. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या असोत की दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या, दुसऱ्या पायरीचा अर्थ एकच. गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही काही काळ सांभाळू शकते, पण रस्त्यावर नजर ठेवणं हे माणसाचंच काम, आणि अपघात झाला तर जबाबदारीही माणसाचीच. परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर बाजूला बसलेला मुलगा मदत करतोय, पण पेपरवर नाव आपलं आहे.

या सगळ्याची सुरुवात जुनी आहे. ठरावीक वेग धरून ठेवणाऱ्या 'क्रूझ कंट्रोल'चा शोध लावला अमेरिकेतल्या राल्फ टीटर या अभियंत्यानं. त्याला १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ती सोय आली. टीटर लहानपणापासून अंध होता. असं सांगतात की त्याचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी-जास्त होई, गाडी हिसके देई, आणि त्या वैतागातून ही कल्पना सुचली. मला ही गोष्ट फार आवडते. वर्गात सांगितली तेव्हा लेकरं गप्प बसून ऐकत होती.

त्याच तासाला मी रडार आणि कॅमेरा समजावून सांगितला. रडार रेडिओलहरी सोडतं, त्या समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात, त्यावरून अंतर आणि वेग कळतो. वटवाघूळ आवाजानं करतं तसंच काहीसं. कॅमेरा चित्र बघतो आणि आधी शिकवलेल्या लाखो चित्रांशी ताडून ठरवतो की हा ट्रक, ही दुचाकी, हा माणूस. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला, "मॅडम, गाडीला बैल कळतो का?"

मोठ्या माणसांपैकी कुणी शोरूममध्ये हा प्रश्न विचारला नव्हता. खरं उत्तर असं की कधी कळतो, कधी नाही, आणि भरवसा ठेवायचा नाही. आपला सेनगाव-हिंगोली रस्ता डोळ्यांसमोर आणा. पांढरे पट्टे कुठे आहेत, कुठे पुसलेत. हळदीच्या किंवा सोयाबीनच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली, रस्त्याच्या कडेला उभा ट्रॅक्टर, उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकल, आणि संध्याकाळी घराकडे निघालेली जनावरं. पट्टे दिसले नाहीत तर पट्टा सांभाळणारी यंत्रणा गप्प बसते. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणारी यंत्रणा चालत्या गाडीमागे उत्तम काम करते, पण वेगात असताना समोर थांबलेलं वाहन तिला वेळेवर ओळखता येईलच असं नाही, हे कंपन्यांच्या पुस्तकांतच सावधगिरीच्या सूचनांत लिहिलेलं असतं. शिवाय पुढे अंतर ठेवलं की आपल्याकडे त्या जागेत दुचाकी घुसतेच. गाडी दचकून ब्रेक मारते आणि मागून येणाऱ्याला कळत नाही काय झालं.

यंत्रानं ओळखण्यात चूक केली तर काय होतं, याचं एक उदाहरण जगापुढे आहे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात उबर कंपनीच्या चाचणीच्या स्वयंचलित गाडीनं रात्री रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली. ती सायकल हातात धरून चालत होती. धडकेच्या पाच-सहा सेकंद आधी यंत्रणेला ती दिसली होती. पण ही गाडी आहे, दुसरं काही आहे की सायकल आहे, असं तिचं ओळखणं बदलत राहिलं. चौकशीत असंही निघालं की पांढऱ्या पट्ट्यांची जागा सोडून माणूस मधूनच रस्ता ओलांडू शकतो, हे त्या यंत्रणेत धरलेलंच नव्हतं. आत देखरेखीला बसलेल्या चालकाची नजर मोबाईलवर होती. त्या बाईचा मृत्यू झाला. ती चाचणीची गाडी होती, आपल्या गाड्यांपेक्षा वेगळी, हे मान्य. पण आपल्या किती शाळांसमोर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे आहेत, मोजून बघा.

आता दुसरी बाजू. सेनगावहून रिसोडमार्गे मेहकरकडे गेलं की समृद्धी महामार्ग लागतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण झाला. स्पष्ट पट्टे, सरळ रस्ता, कारला ताशी १२० ची वेगमर्यादा. एडासला हवा तसा रस्ता हाच. पण इथे वेगळी अडचण आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी गेले, ते आपण कुणी विसरलेलो नाही. त्या काळात या रस्त्यावरच्या अपघातांबद्दल 'रस्ता-संमोहन' हा शब्द वर्तमानपत्रांतून पुन्हा पुन्हा आला. सरळ, एकसारख्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन झोपतं. आता अशा रस्त्यावर पाय ॲक्सिलरेटरवर नाही, हात नावापुरता स्टिअरिंगवर, तर मेंदूला उरलं काय काम?

म्हणजे आपल्या गावच्या रस्त्यावर माणूस जागा असतो पण यंत्रणा चाचपडते, आणि समृद्धीवर यंत्रणा हुशार असते पण माणूस पेंगतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये, कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रांबद्दल लिहिताना, हे सांगून ठेवलं आहे. सोपं काम यंत्र करतं, अवघड प्रसंग तेवढा माणसाकडे येतो, आणि रोजचा सराव सुटल्यानं माणूस नेमका तेव्हाच कच्चा ठरतो. कॅल्क्युलेटर आणि पाढे यांचा वाद आपण किती वर्षं घालतोय! तिथे चुकलं तर लाल शाईची फुली पडते. इथे ताशी १२० वेगात एका सेकंदात गाडी ३३ मीटर जाते. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं. तीन सेकंद मोबाईल बघितला की शंभर मीटर गेले. हे गणित चौथीच्या पोरांनाही जमतं.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक नवं शिकावं लागतं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटं काम करू लागते, वीज तयार करून बॅटरीत भरते, आणि गाडी आपोआप हळू होते. जुन्या सायकलचा डायनामो आठवा. तो चाकाला टेकवला की पायडल जड लागायचं, तसंच. बऱ्याच गाड्यांत हे किती जोरात व्हावं ते आपण ठरवू शकतो. जास्त ठेवलं तर रोजच्या चालवण्यात ब्रेकवर पाय क्वचितच जातो. सोय छान आहे, पण वर्षानुवर्षं पेट्रोलची गाडी चालवलेल्या पायाला हे नव्यानं शिकवावं लागतं. त्यात वेग सांभाळणारी यंत्रणा चालू असेल तर पाय नुसता रिकामा. घाईच्या वेळी तो ब्रेकवरच पडला पाहिजे, दुसरीकडे नाही.

आम्ही कसं शिकलो ते सांगते. वर्गात आपण नवी संकल्पना एकेक पायरीनं देतो, आधार देतो आणि मग हळूहळू काढून घेतो. इथे उलटं केलं, आधार एकेक करून चालू केला. पहिले पंधरा दिवस फक्त गाडीची आणि पायाची ओळख, सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर. आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा तेवढी पहिल्या दिवसापासून चालू, कारण ती शेवटच्या क्षणी मदतीला येते, आपलं काम काढून घेत नाही. मग बाजूच्या न दिसणाऱ्या जागेची सूचना देणारे दिवे. अंतर ठेवून चालणारी यंत्रणा फक्त समृद्धीवर, दिवसा, आणि शेजारी बसलेला माणूस जागा असेल तरच. दर अर्ध्या तासानं ती बंद करून हातानं चालवायचं, हा आमचा घरचा नियम. पट्टा सांभाळणारी यंत्रणा हिंगोली रस्त्यावर बंदच ठेवतो. खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवावं आणि गाडीनं ते परत ओढावं, ही झोंबाझोंबी नको. मिस्टरांना हा नियम जाचक वाटतो. वाटू दे.

पण हे घरोघरी ज्यानं-त्यानं ठरवण्याचं काम नाही. गाडीसोबत मराठी पुस्तिका मिळालीच पाहिजे, आणि तिच्यात 'ही यंत्रणा केव्हा चालत नाही' हे पहिल्या पानावर असावं, शेवटच्या बारीक अक्षरांत नको. लायसन्सच्या परीक्षेत रस्त्यावरच्या खुणा विचारतात, तसे या यंत्रणांवर दोन-चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी ठरली आहे. म्हणजे या गाड्या वाढणार. टोल माफ करणाऱ्यांनी शिकवण्याची सोयही बघावी.

आणि आपल्या वाट्याचं काम उरतंच. आपण लेकरांना वर्षानुवर्षं सांगत आलो, "गाडीचा आवाज आला की बाजूला व्हा." इलेक्ट्रिक गाडी हळू असताना तिचा आवाज फारसा येत नाही. पाठीमागून आलेली कळतसुद्धा नाही. परवा मी वर्गातल्या तक्त्यावरचं ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, "आवाज येवो न येवो, आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघा." बैलाचा प्रश्न विचारणाऱ्यानं खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, "गाडीला आपण दिसलो असं समजू नका." ती मी पुसलेली नाही.